गजर वाजेपर्यंत

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

घडली ती मोहाडीत, तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत. तारीख अकरा मे १९७७. ज्याच्यावर गुदरली तो केवळराम माझ्या मावशीचा नवरा. त्यानेच ती मावशीजवळ कबूल केली. त्यातला एक कागद मी स्वतः पाहिला आहे. बाकीचं खोटं वाटलं तर वाटू द्या.

केवळराम आणि इश्वर दोघे सिहोऱ्याचे, धानवाल्या घरांतले. दोघे तुमसरच्या एका विमा कचेरीत कारकून. मोहाडीत शेजारशेजारच्या खोल्या घेऊन राहायचे. पोराला रांधून घालायला इश्वरची आई गोदावरीबाई सोबत असे.

दोघे विमागणिताच्या परीक्षा देत होते. ही परीक्षा रक्त आटवते. हजार माणसांतले किती आजारी पडतील, किती दिवस अंथरुणात राहतील, हे आधीच आकड्यांत मांडायचं. शंभर बसले तर आठ-दहा पास. दोघांचा एकच पेपर राहिला होता, आजारपणाच्या विम्याचा.

आणि मुंबईच्या मोठ्या कचेरीसाठी शिफारस एकाचीच होणार होती.

तयारीचा नियम इश्वरनेच काढला होता. बारा वाजता जुना पेपर घेऊन बसायचं. घड्याळाला तीनचा गजर लावायचा. गजर वाजेपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही.

एक प्रश्न केवळरामच्या डोक्यात शिरत नव्हता. इश्वर समजावून सांगायचा, "समज, माणूस पडला, बरा झाला. अन् बारा महिन्याच्या आत पुन्हा पडला. त कंपनी दुसरा आजार धरत नाही बे. म्हणते, आजार तोच. पहिलाच चालून राहिला."

त्या दिवशी इश्वर तुमसरहून सायकलने उन्हातून आला होता. चेहरा लाल. गोदावरीबाई बाजारात गेली होती. तरीही तो बसला.

दोन फाऊंटन पेनं चालत होती. कुरकुर... कुरकुर...

दोनला दहा मिनिटं कमी असताना इश्वर म्हणाला, "केवळ, पाणी दे नं बे."

माठ पाच पावलांवर होता.

केवळरामने मान वर केली नाही. नियम म्हणजे नियम.

मग एक पेन थांबलं...

इश्वरचं डोकं टेबलावर टेकलं होतं. डोळे उघडे. केवळरामने घड्याळाकडे पाहिलं. सत्तर मिनिटं उरली होती. झोपला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. आणि आपल्याला ते पटलेलं नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

त्याने सातही प्रश्न सोडवले.

तीनला गजर वाजला. मग तो उठला आणि धावा धावा म्हणून ओरडला.

भंडाऱ्याला नेईपर्यंत इश्वर गेला. ऊन लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणायला हवा होता. केवळराम म्हणाला, आत्ताच पडला हो.

गोदावरीबाई त्याच्याकडे बघत राहिली. ती बाजारातून परतताना गल्लीच्या तोंडाशी होती. तिने आधी गजर ऐकला होता. ओरडणं त्याच्यानंतर.



शिफारस केवळरामची झाली; जायचं ते पेपर सुटल्यावर. हिवाळ्यात माझ्या मावशीशी, कौशल्याबाईशी, लग्न झालं. पेपर पुढच्या जूनमध्ये होता.

चार मे १९७८. तीच खोली, तेच टेबल, तेच घड्याळ. "गजर वाजेपर्यंत दार उघडायचं नाही," असं मावशीला बजावून तो बाराला आत बसला. सहावा प्रश्न तोच निघाला, बारा महिन्यांचा.

लिहिता लिहिता त्याला वाटलं, कुरकुर जरा जास्तच ऐकू येते आहे.

त्याने पेन उचललं.

कुरकुर चालूच होती...

शेजारी रिकामी खुर्ची. त्याने उठायला पाहिलं, पाय हलेनात. घशात कोरड पडली, जीभ टाळूला चिकटली. अंगातून वाफा निघत होत्या. डोकं आपोआप टेबलावर गेलं. डोळे उघडेच राहिले. समोर घड्याळ, दोनला दहा कमी.

टिकटिक थांबली होती.

त्याला सगळं ऐकू येत होतं. बाहेर मावशी दारापाशी आली. "अहो, पाणी देऊ का?" त्याला ओरडायचं होतं. तोंडातून हवासुद्धा निघाली नाही.

मग तिने शेजारी हाक मारली. "काकी, आतून आवाज नाही येऊन राहिला. दार उघडू का मी?"

गोदावरीबाईची पावलं आली. उंबऱ्याशी बसल्याचा आवाज आला.

"त्याचा नियम हाय नं बाई," ती शांतपणे म्हणाली. "घंटी वाजू दे."

घंटी वाजणार नव्हती. हे आत फक्त केवळरामला माहीत होतं. आणि त्याच्या कानाशी पेन चालत होतं.

तहसील कचेरीच्या पहारेकऱ्याने दोनचे टोल दिले. मग तीनचे. चारचे टोल पडले तेव्हा मावशीने दार ढकललं.

सकाळी काठोकाठ भरलेला माठ आतून खडखडीत कोरडा होता.

तो जगला. टेबलावरचा कागद मावशीने जपून ठेवला आहे. पाच उत्तरं केवळरामच्या अक्षरात. सहावं मात्र डावीकडे झुकलेल्या अक्षरात. मी ते अक्षर ओळखतो. इश्वरने शिकवून मला मॅट्रिकच्या गणितातून तारून नेलं होतं. उत्तर इंग्रजीत आहे, शेवटच्या ओळीचा अर्थ एवढाच: मध्ये बारा महिने पूर्ण झालेले नाहीत, म्हणून हा नवा आजार नव्हे, पहिलाच पुढे चालू आहे.

अकरा मे ते चार मे. मी मोजलं. सात दिवस कमी.

तेव्हापासून ताप येतो. बारा महिने व्हायच्या आत येतोच. एप्रिल एकोणऐंशी, मार्च ऐंशी, फेब्रुवारी एक्क्याऐंशी. एकदा भर डिसेंबरात आला, शेकोट्या पेटलेल्या असताना अंग भट्टीसारखं तापलं. औषध लागू पडत नाही. परीक्षेला तो पुन्हा कधी बसला नाही, पेन धरलं की बोटं आखडतात.

मावशी गोदावरीबाईच्या पाया पडली. तिच्या हातून इश्वरच्या नावाने पाणी सोडून घ्यायचं होतं.

"मी त कव्वाचंच माफ केलं असतं," म्हातारी म्हणाली. "पण पेपर माह्या पोराचा हाय. त्याची घंटी वाजली नाही अजून."

लोक म्हणतात, केवळरामची कीव करा. करायला हवी. मला येत नाही.

आज आठ सप्टेंबर १९८६. मागचा ताप गेल्या वर्षी सतरा सप्टेंबरला आला होता. नऊ दिवस निघाले की बारा महिने पूर्ण होतील. त्याच्या दोन तापांमध्ये इतके दिवस आजवर कधी गेले नव्हते. मावशीने आशा धरली आहे. देवळात जाऊन येते, म्हणाली, तोवर त्याच्याकडे लक्ष ठेव. तो आत निजला आहे. मी बाहेर बसून हे लिहितो आहे. माठ माझ्या हाताशी आहे.

मघापासून आत घड्याळ चालल्यासारखं वाटतंय. ते आठ वर्षांपासून बंद आहे.

टिक... टिक...

आत्ता आतून कोणीतरी पाणी मागितलं. केवळरामचा आवाज मी ओळखतो. हा त्याचाच होता.

मी अजून उठलेलो नाही.