लक्ष्मम्माची आंबील

वेळ अमावस्येला, शेत पुजायच्या सणाला, आंबील शेतात पोचलीच पाहिजे, मग साल कसलंही असो. एवढ्याच कामासाठी तिघं सकाळी घराबाहेर पडली. लातूर नवा जिल्हा झाला त्या साली तेरणा नदी सीमेवर आली. गाव लातुरात राहिलं आणि लक्ष्मम्माचं शेत पलीकडं उस्मानाबादेत. त्याच शेतात तिच्या मालकाची, ईश्वरप्पाची समाधी. आषाढात माणूस गेला. चाळीस वर्षं त्यानं या दिवशी उभ्या पिकात आंबील शिंपली होती. यंदा दुष्काळानं पीकच नव्हतं, तरी म्हातारीचा हेका एकच, मालकाला आंबील मीच नेणार.

लांबच्या पुलावरून गाडीनं जायची सोय नव्हती. बैल गुरांच्या छावणीत, आणि सून शिवकांताचा नवरा त्यांच्यामागं तिकडंच. उरली नदीकाठच्या पाणथळीतून पल्याड जाणारी दीड कोसाची सपाट पाऊलवाट. पुढं काठी आणि घोंगडी घेतलेला शिवकांताचा धाकटा दीर बसवराज, मधे डोक्यावर आंबिलीची घागर घेतलेली लक्ष्मम्मा, मागं भाज्यांची भज्जी आणि बाजरीच्या उंड्यांची पाटी घेऊन शिवकांता. तिचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. सासूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यात या घरची रीत अशी, की आंबिलीची घागर वाटेत खाली ठेवायची नाही आणि दुसऱ्या डोक्यावरही द्यायची नाही. आता डोक्यावर घागर असलेल्या माणसाला पायाखालचं बघता येतं होय?

"आत्याबाई, मी घेते की घागर," ती दोनदा म्हणाली.

"तू पाटी सांभाळ," लक्ष्मम्मानं मान न वळवता सांगितलं.

ऊन कोवळं होतं. दोन्ही अंगांना पुरुषभर उंच पाणकणीस वाळून पिवळं पडलेलं. वारा आला की ते सळसळायचं आणि मधूनच चक्रवाकांची जोडी ओरडत उठायची. खालच्या नव्या बंधाऱ्यानं मागल्या साली पाणी तुंबवलं होतं. ते आटत आटत मागं सरलं आणि जिथंतिथं गाळ सोडून गेलं. वरून भेगाळलेली पापडी, खाली काय ते देवाला ठाऊक.

"वहिनी, फुडं नदी वलांडली की जिल्हा बदलतोय बघा," बसवराज हसत म्हणाला. "आता आपण परजिल्ह्यात चाललो." आणि पुढच्याच पावलाला तो गुडघाभर गाळात गेला! पाय निघाला, चप्पल आतच राहिली. त्याचं हसू कुठल्या कुठं पळालं.

"भावजी, माघारी फिरू. वाट बुजली ही."

"अव्वा, वहिनी म्हणती ते खरं हाय," बसवराज आईला म्हणाला.

"त्या बाभळीखालनं वाट हाय," लक्ष्मम्मा म्हणाली. "चाळीस साल चालले. मला नका शिकवू." आणि ती बाभळीकडं वळली.

बाभूळ म्हातारीला अंधुक दिसत होती. तिचा बुंधा हातभर गाळात गाडला गेलाय, हे फक्त शिवकांताला दिसलं. "आत्याबाई, थांबा!" थांबतंय कोण!

पापडी फुटली. लक्ष्मम्मा घोट्यापर्यंत गेली. मग गुडघ्यापर्यंत. एक पाय उपसायला गेली, तर मांड्यांपर्यंत रुतली! दोन्ही हात मात्र घागरीला. बसवराज धावला, तर दोन पावलांत तोही अडकला.

"आडवं पडा, भावजी! आडवं पडून मागं या!"

तो लोळत, काठी टेकत कसाबसा माघारी आला. शिवकांतानं पाटी काठावर ठेवली. पाणकणीस मोडून कवळेच्या कवळे गाळावर टाकले, वर दिराची घोंगडी अंथरली आणि ती पोटावर सरपटत निघाली. छातीखाली गाळ थंडगार, हलता. आपण इथं बुडालो तर पोरांना कोण, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. पोचेपर्यंत म्हातारी कमरेएवढी आत गेली होती.

"हात द्या."

"हात कुठला देऊ? घागर हाय."

"सोडा ती घागर."

"न्हाई." मग लक्ष्मम्मा हळूच म्हणाली, "तू जा, पोरी. हितनं मालक जवळच हाय. मला ऱ्हाऊ दे."

 म्हातारी निव्वळ घागरीपायी अडकली नव्हती तर! तिला सासूचा असा राग आला, की भीती मागंच पडली.

"बरं. रीत राहू दे बाजूला, घागर माझ्याकडं द्या. आंबील मी पोचवते. शप्पथ."

लक्ष्मम्मानं विश्वासानं घागर पुढं केली. शिवकांतानं ती घेतली आणि तिथल्या तिथं उपडी केली! काळ्या गाळावर पांढरी आंबील पसरली. रिकामी घागर, तोंड खाली करून, तिनं सासूच्या काखेत रेटली. आत हवा कोंडली होती, घागर बुडेना.

"रांडे, काय केलंस हे?"

"शिव्या काठावर द्या. आता हिच्यावर भार टाका. न्हाईतर मीही हितंच ऱ्हाते."

बसवराजनं डोक्याचा पटका सोडून फेकला. शिवकांतानं तो सासूच्या छातीभोवती आवळला. तो ओढत होता, ती हातांनी मांड्यांभोवतीचा गाळ उकरत होती. बोटभर. मग वीतभर. एक पाय सुटला! कितीतरी वेळानं दुसरा. तिघं काठावर येऊन पडली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

नदीपल्याड शेत दिसत होतं, समाधीचा दगडही.

"वरनं वळसा घालून बघू का?" बसवराजनं विचारलं.

"न्हाई," शिवकांता म्हणाली. मग तिला रडूच फुटलं. "मी खोटी शपथ घेतली, आत्याबाई. बोला काय बोलायचं ते."

लक्ष्मम्मा उठून बसली. मग पल्याडच्या शेताकडं तोंड करून, रानातल्या माणसाला हाक मारतात तशी ती मोठ्यानं म्हणाली, "औंदा मी येत न्हाई हो. सुनंनं येऊ दिलं न्हाई."

आणि शिवकांताकडं वळली. "पाटीतलं वाढ की. भूक लागली."

आषाढापासून म्हातारीनं आपणहून एकदाही जेवायला मागितलं नव्हतं. शिवकांतानं गाळाचे हात लुगड्याला पुसले आणि उंडा मोडून तिच्या हातावर ठेवला.