भिंतीकडे बाण

फॅन आणायला मी एकटीच गेले होते. लातूरच्या गांधी चौकाजवळ कॉम्प्युटरचे सुटे भाग मिळतात. दुपारचं ऊन इतकं होतं की दुकानदारसुद्धा शटर अर्धं ओढून आत पेंगत होता. प्रोसेसरवरच्या कूलरचा फॅन हवा आहे, कूलर नको, नुसता फॅन, असं मी सांगितलं. त्याने डोळे चोळत माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, बसवायला पोरगं पाठवू का सोबत?"

"कशाला? मी बी.सी.ए. केलंय. पापड लाटायचा कोर्स नाही केला."

तो हसला. डबीतून फॅन काढून त्याने फुंकर मारली. पाती भिरभिरली. "बघा, आवाजच न्हाई," तो म्हणाला. मला तेच हवं होतं.

घाई होती ती माझ्या धाकट्या बहिणीसाठी. वैष्णवीची 'नीट', डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा, पहिल्या वेळी थोडक्यात हुकली होती. निलंग्याहून बाबांचा निरोप स्पष्ट होता : पुन्हा वर्षभराची फी झेपणार नाही. एका क्लासने फीमाफीची परीक्षा ठेवली होती, घरूनच द्यायची, कॅमेऱ्यासमोर बसून. मोबाइल चालणार नव्हता. खोलीत दुसरं माणूस दिसलं की पेपर रद्द. मधे मशीन बंद पडलं तरी रद्द. त्याच दिवशी चार वाजता पेपर होता. तो हुकला असता तर वैष्णवी घरी, आणि घरी उदगीरचं एक स्थळ चहा-पोह्यांसाठी तयारच बसलेलं.

आणि आमच्या खोलीतलं कॉम्प्युटर तापून सारखं आपोआप रिस्टार्ट होत होतं.

ते आमचं नव्हतं, खोलीचं होतं. ट्युशन एरियात एकेका खोलीत चार चार पोरी कोंबतात. आम्हाला गल्लीच्या टोकाला, भगवानकाका आणि मनकर्णाकाकूंच्या घरात, मागची अख्खी खोली मिळाली होती. खोलीची मागची भिंत काळ्या दगडांची, बाकी घर विटांचं. भूकंपानंतर काकांनी गाव सोडलं, तेव्हा पडलेल्या घराचे दगड ट्रकमध्ये घालून आणले आणि ती एक भिंत त्यांचीच बांधली. गिलावा केला नाही. का, असं मी एकदा विचारलं होतं. काका पाणी भरायला निघून गेले. या पिढीला 'का' ऐकूच येत नाही.

खोली देताना काकांची अट एकच होती. "पोरीहो, कॉम्प्युटर वापरा, काय बी करा. पण बंद करू नका. लाइट गेली तर इन्व्हर्टर हाय."

"पण का?"

"चालू हाय ते चालू राहू द्या की."

त्यांचा मुलगा भारत पूर्वी त्या खोलीत टायपिंगचे क्लास घ्यायचा. आता तो पुण्यात होता, हार्डवेअरच्याच नोकरीत. मशीन त्याने मागे ठेवलेलं. त्याचा फॅन दिवसरात्र घरघरायचा, मधेच अडखळायचा, पुन्हा घरघरायचा.

फॅन घेऊन आले तेव्हा वैष्णवी पलंगावर नोट्स पसरून बसली होती. मी सरळ शटडाउन केलं आणि वायर काढली.

घरघर थांबली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती खोली गप्प झाली.

मी कॅबिनेट भिंतीपासून ओढलं. त्याच्या डाव्या पत्र्याला एक प्लॅस्टिकचं नळकांडं असतं. ते प्रोसेसरच्या फॅनसमोर येतं, बाहेरची गार हवा आत ओढायला. इथे त्या नळकांड्याचं तोंड दगडांमधल्या एका फटीला चिकटवून ठेवलेलं होतं. फट हाताच्या पंजाएवढी, आत काळोख. मला हसू आलं. हवा घ्यायला भिंतच सापडली होती का या लोकांना?

पत्रा उघडला आणि हसू आणखी वाढलं. फॅनच्या कडेला एक छोटा बाण कोरलेला असतो, हवा कुठे जाणार ते दाखवणारा. तो प्रोसेसरकडे हवा. इथे तो नळकांड्याकडे होता, म्हणजे भिंतीकडे. फॅन चक्क उलटा बसवलेला. प्रोसेसरला वारा घालायचा सोडून तो वर्षानुवर्षं त्या फटीत वारा घालत होता. तापणार नाही तर काय होणार?

"ताई, खिडकी उघड ना," वैष्णवी म्हणाली. "कोंदल्यासारखं होतंय."

खिडकी उघडीच होती.

मी स्क्रू काढत होते. वास यायला लागला होता... पांढऱ्या मातीचा, जुन्या धाब्याच्या घरात पाणी गळलं की येतो तसा. आणि दारात काकू उभ्या राहिल्या. धावत आल्या असाव्यात. पदर खांद्यावरून घसरलेला, हातात सूप.

"बंद केलंस? बंद केलंस का गं?"

"काकू, दहा मिनिटांचं काम आहे."

त्या माझ्याकडे न बघता भिंतीशी गेल्या, फटीसमोर बसल्या आणि सुपाने वारा घालू लागल्या. धान्य पाखडताना हात हलतो तसा हात, थांबतच नव्हता.

"अहो, हे काय करताय?"

"तू तुझं काम कर. लवकर कर."

मी चिडले. "मला सांगणार आहात का काही? की नेहमीसारखं तोंडाला कुलूप?"

काकूंनी सूप दुसऱ्या हातात घेतलं. मग वारा घालता घालताच, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आमची जगदेवी हेच्याखाली व्हती. ह्याच दगडांच्या. फट एवढीच व्हती... तिचा आवाज यायचा. आई, जीव कोंडतोय, वारा घाल. मी घालतच राहिले. दिवसभर. मग समदे म्हणले, बाई, आता आवाज न्हाई, ऊठ. मला वढून उठवलं."

सूप हलत होतं.

"मी उठाया नको व्हते."

वैष्णवी नोट्स हातात धरून थिजली होती. माझा राग कुठल्या कुठे गेला, पण घड्याळ समोर होतं. मी डबीतून नवा फॅन काढला. वायर जोडलेली नव्हती, मशीनला वीज नव्हती. तो माझ्या तळहातावर होता, आणि पाती फिरायला लागली. सावकाश... थांबली... आणि उलटी फिरली. पुन्हा थांबली. पुन्हा सुलटी.

भिंतीमागे शेजाऱ्यांची भिंत लागून होती. वारा येणार कुठून?

मी फॅन मुठीत दाबून धरला. काकूंच्या सुपाचाच वारा, असं मनाशी ठरवलं आणि कामाला लागले. धूळ ब्रशने झाडली. फॅन बसवला, बाण प्रोसेसरकडे, जसा असायला हवा तसा. चार स्क्रू, तीन तारांची पिन, पत्रा. कॅबिनेट होतं तिथेच, फटीला टेकवून ठेवलं, कारण केबल तेवढीच पुरत होती. बटण दाबलं. फॅन फिरला. आवाज नाही.

"झालं, काकू. चालू आहे बघा."

त्यांनी पत्र्याच्या जाळीतून फिरणारी पाती पाहिली, सूप खाली ठेवलं आणि हात जोडले. मशीनला की मला, ते कळलं नाही. बाणाबद्दल मी बोलले नाही. कशाला आणखी तासभर समजूत घालायची?

चार वाजता वैष्णवी कॅमेऱ्यासमोर बसली. मी दार लावून बाहेर ओट्यावर बसले. काकू शेजारी शेंगा फोडत होत्या. काका जरा लांब, खुर्चीत, वर्तमानपत्र तोंडावर धरून.

पहिला तास बरा गेला. मशीन बंद पडलं नव्हतं. मग माझ्या पायांना गार लागलं. दाराखालच्या फटीतून हवा येत होती. एवढ्या उन्हात गार, आणि सरळ, न थांबणारी. तिच्यासोबत बारीक पांढरी माती बाहेर येत होती, ओट्याच्या फरशीवर पसरत होती. मी बोट फिरवलं. ओलसर होती.

काकूंचे हात थांबले होते.

मी अंगणात जाऊन पुण्याला भारतदादांना फोन लावला. माझं नाव सांगितलं, फॅन बदलल्याचं सांगितलं.

"बरं केलं," ते म्हणाले. "जुनाच झाला व्हता." मग एकदम, "बाण कुणीकडं ठेवला?"

"प्रोसेसरकडे. तुम्ही उलटा बसवला होता ना..."

पलीकडे खुर्ची सरकली. मग त्यांचा आवाज आला, इतका दबलेला की मी फोन कानाला घट्ट धरला.

"मनस्विनी. बंद कर ते. आत्ताच्या आत्ता."

"आत पेपर चालू आहे! बंद केलं तर वर्ष गेलं तिचं."

"अगं, मी हवा द्यायला बसवला व्हता. तू वढून काढाय लागलीस."

"काय ओढून काढायला?"

"...किती वेळ झाला?"

मी फोन ठेवला. दाराशी आले, कडीवर हात ठेवला. आत पाऊल टाकलं की कॅमेऱ्यात दोन माणसं, पेपर रद्द. वैष्णवी घरी, पोहे, उदगीर. अर्धा तास उरला होता. अर्ध्या तासात काय होणार आहे, असं मी स्वतःला विचारलं, आणि कडीवरचा हात काढला नाही, पण दारही ढकललं नाही.

तेव्हा तो आवाज आला. आतून. विहिरीत खोल बुडी मारलेलं माणूस वर आल्यावर जसा पहिला श्वास घेतं, तसा. लांब... खूप लांब. मी मनात मोजत होते की आता संपेल, आता संपेल.

मग दाराखालची हवा थांबली.

काकू उठल्या. घराला वळसा घालून मागे जाता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ओट्यावरूनच, दगडी भिंतीचा कोपरा बाहेर येतो तिथे कान लावला. बराच वेळ. मग त्या वळल्या. त्यांचा चेहरा मी कधीच तसा पाहिला नव्हता, एकदम सैल, तरुण.

"गेली," त्या काकांना म्हणाल्या. "आत कोणी न्हाई आता."

काकांनी तोंडावरचं वर्तमानपत्र खाली केलं नाही.

वेळ संपली आणि वैष्णवीने दार उघडलं. केस विस्कटलेले, गाल लाल. "ताई, मस्त गेला पेपर! काय मोकळं वाटतंय आत." काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि तिला गरम भाकरी करून आणली. मला विचारलंसुद्धा नाही.

सकाळी काकांनी सिमेंट कालवलं आणि ती फट स्वतःच्या हाताने बुजवली. मी विचारलं, इतकी वर्षं ठेवली होती, आज का? "आता कशाला लागती?" म्हणाले. बस्स. एवढंच. मी ओरडले, तुम्ही लोक वेळेवर बोलत का नाही! त्यांनी थापी धुतली आणि आत गेले.

आठवड्याने निकाल लागला. वैष्णवी पहिल्या पाचात. फी पूर्ण माफ. बाबांना तोंडानेच सांगायचं म्हणून आम्ही दुपारच्या एस.टी.ने निलंग्याला निघालो. गाडी रिकामीच होती. औसा मागे पडलं, दोन्ही बाजूंना काळी रानं लागली. खिडकीची काच अडकलेली, वाऱ्याचा मागमूस नाही. वैष्णवी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

माझ्या ओढणीचा काठ तिच्या नाकाशी आला होता. तिने श्वास घेतला, तसा काठ आत ओढला गेला आणि नाकपुडीला चिकटला. मी वाट पाहिली, आता श्वास सोडेल, आता काठ उडेल. तो पुन्हा आत ओढला गेला. मग पुन्हा. चेहरा शांत होता, खूप दिवसांनी पोटभर जेवून झोपलेल्या पोरीसारखा. मी तिला हलवलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

निलंग्याचा स्टँड येईपर्यंत मी तो काठ बोटांत धरून बसले होते. तो एकदाही बाहेर उडाला नाही.