नळीकडे बघा, सी झुहैर!

माझ्या प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून एक उंच माणूस बुटातली वाळू झटकत होता. झटकत कसला, माझ्या धुतलेल्या काचनळ्यांच्या ट्रेमध्ये ओतत होता!

"अहो! डोळे आहेत का?"

"होते..." तो डोळे चोळत म्हणाला. "बसमधून उतरेपर्यंत होते. तुमच्या गुलमीमच्या वाऱ्याने त्यांची वाट लावली."

हसू आलं, पण मी ते दाबलं. म्हणजे उत्तरेकडच्या फेज शहरातून यायचा तो झुहैर हाच. चाचणीसाठी माझ्या जोडीला नेमलेला दुसरा परीक्षक.

आमचं काम दिसायला सोपं होतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं तयार झालीत की नाहीत, ते ओळखायचं. तयार फुप्फुसात साबणासारखा एक पदार्थ असतो, त्याच्या जोरावर ती उघडी राहतात. पोटात असताना बाळ त्यातलं थोडं गिळतं. म्हणून बाळाच्या जठरातले काही थेंब नळीत घ्यायचे, स्पिरिट घालून जोरात हलवायचं आणि पंधरा मिनिटं थांबायचं. कडेला फेस टिकला तर बाळ तयार. विरला तर बाळाला अगादीरच्या मोठ्या इस्पितळात न्यायला हवं, कारण औषध तिथेच मिळतं. प्रत्येक नळी आम्ही दोघांनी बघायची आणि एकमेकांना न सांगता आपापलं मत लिहायचं. ही चाचणी खरी ठरली तर आमच्यासारख्या आडबाजूच्या इस्पितळांचे केवढे हाल वाचणार होते! त्यासाठी मी राजधानी रबातमधली चांगली नोकरी सोडून गावी परतले होते.

पहिल्याच दिवशी त्याने चहा ओतला. पेल्यात फेसाचा पत्ता नाही. आमच्याकडे असा चहा वैऱ्यालाही देत नाहीत.

"चहाला फेस आणता येत नाही, आणि फेस तपासायला आलात?"

"म्हणून तर तपासायला आलो, लल्ला घालिया. आणायचं काम तुमचं!"

'लल्ला' म्हणजे बाईसाहेब, जसं पुरुषाला 'सी'; पण म्हणताना डोळे मिश्कील. असा हा आगाऊ माणूस. नळी स्टँडवर ठेवली की पंधरा मिनिटं करायचं काय? तो खिशातून बदाम काढायचा, मोठे माझ्यापुढे सरकवायचा. मी त्याच्या फेजच्या हेलाची नक्कल करायचे, तो खोटा खोटा रुसायचा. कधी बदाम घेताना बोटाला बोट लागायचं... आणि दोघंही एकदम खिडकीबाहेर बघायचो. खोटं कशाला बोलू, मी त्या पंधरा मिनिटांची वाट बघायला लागले होते.

मग रबातहून प्रोफेसर लामरानीबाईंचा फोन आला. हा सगळा अभ्यास त्यांच्या देखरेखीखाली चालला होता.

"घालिया, तुम्हा दोघांचा एकदाही मतभेद नाही? अगं, नवरा-बायकोचंसुद्धा इतकं जुळत नाही! कोण कुणाचं बघून लिहितंय? तसं असेल तर सगळं कचऱ्यात जाईल."

मी तरातरा झुहैरकडे गेले.

"तुम्ही माझ्या कागदात बघता?"

"कागदात? नाही."

"मग?"

त्याचे कान लालबुंद.

"तुमच्या... चेहऱ्याकडे बघतो. फेस टिकला की तुमची हनुवटी वर होते. विरला की ओठ दाताखाली जातो. सुरुवातीला नळीकडेच बघत होतो, शपथ! नंतर... जमेचना."

असं काही ऐकलं की मुलीने लाजावं. मी ट्रे आपटला.

"तिथे बाळांचा जीव आहे, झुहैर! नळीकडे बघायचं!"

राग तर आला होताच, आणि आत कुठेतरी इतकं गोड वाटत होतं की त्याचाही राग येत होता. त्याने स्वतःच बाईंना फोन लावून सगळं सांगितलं. केलेलं काम पाण्यात गेलं. बाईंनी एक शेवटची संधी दिली. झुहैरने शेजारच्या खोलीत, दार लावून बसायचं. बदाम बंद.

त्यानंतर माझी बालमैत्रीण मुबारका सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मूठभर मुलगी! मी नळी खिडकीशी धरली. कडेला फेस होता... होताच. मी लिहिलं, "टिकला."

नळी शेजारी गेली आणि मग झुहैरने दार उघडलं. त्याच्या कागदावर होतं, "विरला."

"नीट बघा ना!"

"नीटच बघितलंय, घालिया."

"एवढंसं बाळ, एवढा लांबचा रस्ता... वाटेत काही झालं तर? मुबारकाला मी काय सांगू?"

"ते मला नाही माहीत." त्याने कागद टेबलावर ठेवला. "कडेला फेस नाही, एवढंच माहितेय."

इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांचा नियम होता, मतं जुळली नाहीत तर थांबायचं नाही, बाळाला अगादीरला पाठवायचं. रुग्णवाहिका निघाली. जाताना मी झुहैरकडे बघितलंसुद्धा नाही.

दोन दिवसांनी मुबारकाचा फोन आला.

"ऐक!" ती म्हणाली. पलीकडे कुणीतरी बारीक, हट्टी आवाजात भोकाड पसरलं होतं. "पोचेपर्यंत धाप लागली होती गं तिला. वेळेवर औषध मिळालं, नाहीतर..."

नसलेला फेस मला दिसला होता, कारण मला तो हवा होता.

डोळे पुसले आणि न ठोठावताच शेजारचं दार उघडलं. मला बघताच झुहैरने खुर्ची भिंतीकडे फिरवली.

"तुमच्याकडे बघायला बंदी आहे."

"आता बघ. पोरगी वाचली, झुहैर! भोकाड पसरून रडतेय!"

तो वळला. त्याचेही डोळे भरले होते, आणि या वेळी वाळूचं निमित्त नव्हतं.

"तू मला नाही म्हणालास," मी म्हणाले. "मी एवढी विनवत होते, तरी नाही म्हणालास. मला हवं तेच मला दिसतं रे. जे आहे ते सांगणारं माणूस मला... घरात हवंय."

"घरात... म्हणजे?"

"म्हणजे तू मला आवडतोस, बावळटा! शुक्रवारी जेवायला ये. आई कुसकुस करणार आहे. तिला तुला बघायचंय."

तो उठला, जवळ आला. त्याने माझा हात हातात घेतला. मग चेहरा गंभीर करून म्हणाला, "आणि आईंनी विचारलं, कुसकुस कसा झालाय... तर जे आहे ते सांगू?"

"अजिबात नाही!" मी ओरडले. "आधी लग्न होऊ दे!"