शिवणीची वाटी

लाकूड कातायच्या खरादीवरून उडालेला छिलका थेट सलीलच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात जाऊन बसला. हातात तहसीलच्या खुर्चीचा मोडका पाय, चेहऱ्यावर कारकुनी शिस्त… आणि समोर पटाशी धरलेली मुलगी!

"खरादी कुठे आहेत?"

"उभी हाय ना पुढ्यात. काहून, मिशा पाह्यजेत का?"

तो हसला. रंजिताला हसायला वेळ नव्हता. कापूस बुडाला, दिग्रसच्या जिनिंग गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांचे लाकडी रूळ करणारी ही तांड्यावरची खरादही गप्प झाली. कापसाच्या नावानं हळहळणारे पुष्कळ होते. हळहळून कोणाची चूल पेटली? बाप गेल्यावर तिच्या भावानं, भारतनं, खराद भंगारात काढायचं ठरवलं. ती आडवी आली. शेवटी तो म्हणाला, "ज्यात जेवता येईन, बाजारात खपन अशी एक वाटी करून दाखव. संक्रांतीपर्यंत. नाही जमलं तर खराद गेली समज."

खुर्चीचा पाय झाला, तरी सलील येतच राहिला. कधी बाभळीचा ओंडका घेऊन, कधी नुसताच. बाभूळ ओली होती; वाटी तिसऱ्या दिवशी तडकली. बिजाच्या लाकडाच्या वाटीत वरणाचा रंगच फिरला. मग कडुनिंब. घोटून घोटून रंजितानं वाटी आरशासारखी केली, सलीलला गरम वरणभात वाढला — आणि त्याच्या ओठांकडे बघत राहिली.

"छान आहे," तो म्हणाला. बोटं चाटून संपवत आणला.

उरलेला घास तिनं तोंडात घातला आणि थुंकला.

"कडू जहर हाय हे!"

"तुम्ही इतक्या मेहनतीनं केलंत, म्हणून…"

"मेहनतीले चव नसते, साहेब! तुमच्या गोड बोलण्यापायी माही खराद भंगारात जाईन. तुमच्या घरी चालत असन असं खोटं. इथं नाही. निघा!"

तो गेला. पाच दिवस फिरकला नाही. वाटेवर पाऊल वाजलं की तिची मान वळायची… मग स्वतःवरच चिडून ती पटाशीला धार लावत बसायची.

सहाव्या दिवशी तो आला. शर्ट मळलेला, खांद्यावर वाळलेला ओंडका.

"शिवण आहे. हलकी, बिनवासाची. लाकूड डेपोतल्या खेमसिंगकाकांकडून पारखून घेतलीय."

दुपारभर खराद फिरली. पटाशीखालून फिकट सोनेरी वाटी निघाली — लोण्यासारखी. रंजितानं त्यात वरण ओतलं. तो सावकाश जेवला.

"सांगा. पण खरं."

"वरणात मीठ जास्त झालंय."

"आन् वाटी?"

"वाटीत खोट नाही." त्यानं वाटी खाली ठेवली. "आणखी एक खरं… मला तू हवी आहेस. घरी सांगून टाकलंय. तांड्यावरची मुलगी म्हणून आईनं पाच दिवस बोलणं टाकलंय. टाकू दे. मी मागे हटणार नाही."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आवाज मात्र ताठच.

"मी खराद सोडणार नाही."

"सोड म्हणालो का मी?"

तेवढ्यात भारत आत आला. वाटी उचलून उरलेलं वरण प्यायला. मग ती पुसली, उलटीसुलटी केली, काठावरून अंगठा फिरवला. बाहेर जाऊन त्यानं भंगारवाल्याला फोन लावला.

"नोको येऊ, भाऊ. खराद चालू हाय."

रंजितानं पटाशी खाली ठेवली. सलीलकडे वळली.

"उद्या आईले जेवाले घेऊन ये," ती पहिल्यांदाच एकेरीत म्हणाली. "वाढीन मी… मीठ तू टाक."