अग्लोजीचा दुसरा पास्टर

गिल्दास आयिवी अग्लोजीत आला तो मोटारसायकलवर, मागे कर्णा, बॅटरी आणि बायबलांचं खोकं बांधून. बोहिकों शहरापासून इथवरच्या धुळीनं त्याचा पांढरा शर्ट विटकरी झाला होता. कोवळं वय, मिशननं दिलेली पहिलीच नेमणूक, आणि उत्साह इतका की वाटेत भेटलेल्या बकऱ्यांनाही त्यानं सुवार्ता सांगितली असती. गावानं त्याला हाकललं नाही आणि डोक्यावरही घेतलं नाही. अग्लोजीत देवांची काही टंचाई नव्हती. आणखी एक येतोय तर येऊ दे, आपण जरा सरकून बसू, असा सगळ्यांचा भाव. गिल्दासला नेमकं हेच खटकायचं. भांडायला आलेल्याशी भांडता तरी येतं. सरकून जागा देणाऱ्याचं काय करायचं?

राहायची सोय सेनामीच्या अंगणातल्या खोलीत झाली. सेनामी बाजारात शिजवलेली चवळी विकायची. रुंद हाडाची, तोंडाळ, पण मनानं मोकळी बाई. पहिल्याच दुपारी तिनं आंब्याखाली दोन स्टुलं मांडली. एकावर गिल्दास बसला, दुसऱ्यावर त्यानं आपली पिशवी ठेवली. सेनामीनं पिशवी उचलली आणि जमिनीवर ठेवली. मग तांबड्या पामतेलात परतलेल्या चवळीचे दोन वाडगे आले.

"मावशी, एवढं कोण खाणार?"

"तुम्ही तुमचं खा, पास्टर. दुसऱ्याच्या ताटात कशाला बघता?" असं म्हणून ती हसली, आणि तिच्याबरोबर अंगणातल्या बायकाही हसल्या.

पुढे ज्या घरी गेला तिथे हेच. दोन स्टुलं, पाण्याचे दोन भोपळे, आणि जेवायला हटकून चवळी. गावाची रीत असेल, असं त्यानं मनाशी ठरवलं. चवळीनं मात्र तो मेटाकुटीला आला.

सेनामीच्या कमरेच्या कापडात एक लाकडी बाहुली खोचलेली असायची. वीतभर लांब, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली, आणि सेनामीच्याच कापडाच्या चिंधीत गुंडाळलेली. सेनामीला जुळे मुलगे. साग्बो बोहिकोंला गॅरेजात कामाला होता. झिन्सू लहानपणीच लाकडं आणायला रानात गेला होता. गावात सगळे असंच म्हणत. जुळ्यातला एक गेला तर त्याच्याबद्दल 'मेला' हा शब्द वापरायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ती बाहुली म्हणजेच झिन्सू. त्याला सकाळी आंघोळ, दुपारी जुळ्यांच्या मानाची चवळी, सेनामी लांब जाणार असली की शेजारणीकडे सोपवणं, सगळं साग्रसंगीत व्हायचं. साग्बोला नवा शर्ट शिवला की त्यातल्या तुकड्याचा झिन्सूलाही.

कोतोनूत वाढला असला तरी गिल्दासला यातलं काही नवीन नव्हतं. मिशनच्या शाळेत त्याला शिकवलं होतं की ही भीती आहे, आणि भीतीला प्रेमाचे कपडे घातले म्हणून ती प्रेम होत नाही. हे वाक्य त्याला फार आवडायचं. अग्लोजीत तो ते कर्ण्यावरून पुन्हा पुन्हा सांगत असे. बायका माना डोलवत आणि बाहुल्यांना दुसऱ्या कडेवर घेत.

हर्मातानचे दिवस होते. वाळवंटाकडून येणाऱ्या त्या कोरड्या वाऱ्यानं ओठ फुटत, आणि सूर्य दुपारीसुद्धा पिठात बुडवल्यासारखा दिसे. गावचा म्हातारा मुखिया, दा होन्सू, दम्यानं अंथरुणाला खिळला होता. गिल्दास त्याच्यासाठी प्रार्थना करायला गेला.

"पुन्हा आलात?" म्हातारा धापा टाकत म्हणाला. "काल दुपारभर बसलात, पाठ चोळलीत. जीव निवला. आणि काल तुम्ही देवाचं नावसुद्धा काढलं नाहीत. तेवढ्यानंच निम्मा आजार गेला बघा!"

"काल मी इथे नव्हतो, बाबा. नदीपलीकडच्या गावात होतो."

दा होन्सूनं त्याला डोळे बारीक करून न्याहाळलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले होते. गिल्दासनं ते तिथल्या तिथे मनात टिपून ठेवलं.

"असेल, असेल," म्हातारा म्हणाला. "पण त्याला काहीतरी अंगावर घालायला द्या. या वाऱ्यात उघडा फिरतो. हात केवढे गार होते त्याचे."

त्यानंतर हे रोजचंच झालं. विहिरीवरची बाई म्हणायची, काल हंडा उचलून दिलात, देव भलं करो. लोहाराची सून म्हणायची, पोराला छान जोजवलंत. गिल्दास चिडला. दुसऱ्या कुठल्या मिशनचा माणूस आपल्या नावावर गावात हिंडतोय, अशी त्याची खात्री झाली. तो दिसतो कसा, हे त्यानं खोदून खोदून विचारलं. उत्तर सगळीकडे एकच. तुमच्यासारखाच. फक्त वाळलेला. आणि बोलत नाही.

त्याला भेटायचं म्हणून गिल्दासनं एकदा फेरीला जायचं सोंग केलं, मोटारसायकल झाडीत लपवली आणि पायवाटेनं परत आला. सेनामी अंगणात चवळी निवडत होती. समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत ती हळू आवाजात काहीतरी सांगत होती, मधेच थांबत होती, मान हलवत होती. गिल्दासची चाहूल लागली तशी ती गप्प झाली. तो त्या स्टुलावर बसला. दुपारच्या उन्हातलं लाकूड, पण त्याला खालून गारवा लागला. तो लगेच उठला, आणि आपण का उठलो याचा त्याला राग आला.

"येत्या रविवारी बाप्तिस्मा आहे, मावशी," तो म्हणाला. "इतर बायका आपापल्या बाहुल्या आणून जाळणार आहेत. तुम्हीही आणा. तुम्ही आणलीत तर बाकीच्यांना धीर येईल."

सेनामीनं सूप खाली ठेवलं. हसणं नाही, थट्टा नाही.

"माझा झिन्सू मी जाळू? बरं. पण मला एक सांगा, पास्टर. तुमच्या भावाचं तुम्ही काय केलंत?"

"मला भाऊ नाही. मी एकटा आहे."

"मग हा इतका उपाशी कसा?"

गिल्दासला तिला खडसावायचं होतं, पण ती रडत होती. "माझ्या घरी आला तेव्हा खाणं कसं असतं हे त्याला माहीत नव्हतं हो," ती म्हणाली. "वाडग्याकडे नुसता बघत बसायचा. कुणी कधी वाढलंच नसणार. तुमच्या आईनं त्याला बसवलं कुठे? कपडा तरी दिला का?"

त्याच दुपारी त्यानं आईला फोन लावला. एउलालीबाई कोतोनूच्या चर्चमधली मोठी असामी. नवऱ्यामागे एकटीनं मुलाला वाढवलेलं, आणि तो धर्मसेवक झाला म्हणून जन्माचं सार्थक मानलेलं. हल्ली हृदय थकलं होतं. गिल्दासनं हसत हसतच विचारलं, "आई, इथली एक बाई म्हणते मला भाऊ होता. खुळचट आहेत लोक."

पलीकडे खिडकी लावल्याचा आवाज आला, आणि रस्त्यावरचे हॉर्न थांबले.

"तुला कुणी सांगितलं?" आई म्हणाली.

मग तिनं सांगितलं. गिल्दासबरोबर जन्मलेला तो जुळा एकच दिवस राहिला होता. तिचा नुकताच बाप्तिस्मा झालेला. आत्यानं अबोमेहून बाहुली कोरून आणली, तर मिशनमधल्या मंडळींनी समजावलं, एउलाली, आता मागे वळून बघायचं नाही. तिनं सगळ्यांसमोर बाहुली चुलीत घातली आणि मोठ्यानं म्हणाली, माझा मुलगा मेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"लाकूड ओलं होतं रे," ती म्हणाली. "जळायला फार वेळ लागला. मी तिथेच उभी होते."

"आई, तू बरोबर केलंस," गिल्दास म्हणाला.

"तो कसा आहे?" तिनं विचारलं.

गिल्दासनं फोन ठेवला. आई म्हातारी झाली, आजारी आहे, मन हळवं झालंय, असं त्यानं स्वतःला समजावलं. संध्याकाळच्या प्रवचनात त्याचा आवाज इतका चढला की कर्णा खरखरू लागला.

शुक्रवारी शेजारच्या मार्सेलीन काकूंचा फोन आला. आईनं अंथरूण धरलंय, डॉक्टर काही धड बोलत नाहीत, निघून ये. पण रविवार तोंडावर आला होता. इतक्या आठवड्यांच्या खटपटीनंतर बायका कशाबशा कबूल झाल्या होत्या, आणि तो एकदा गेला की त्या फिरणार हे त्याला ठाऊक होतं. आईच फोनवर म्हणाली, "देवाचं काम कर आधी. मी कुठे पळून जातेय?" तिनं असं म्हणावं ही त्याची मनातून इच्छा होती, आणि ती तसं म्हणाली म्हणून त्याला हायसं वाटलं. या हायसं वाटण्याची त्याला पुढे जन्मभर लाज वाटायची होती.

शनिवारी त्यानं आंब्याखाली जाळाची जागा साफ केली. मदतीला कुणी आलं नाही. दुपारी जेवायला बसला तर समोर एकच वाडगा.

त्यानं सेनामीकडे पाहिलं.

"दुसरा?"

"गेला तो," सेनामी म्हणाली. "सकाळीच. आईकडे."

तिच्या आवाजात ठपका नव्हता, नुसतं नवल होतं. "तुम्ही कसे नाही गेलात?"

गिल्दासनं घाईघाईनं मार्सेलीन काकूंना फोन लावला. मागे बायकांच्या कुजबुजीचा आवाज येत होता.

"कोण?" काकू म्हणाल्या. "गिल्दास? अरे, फोन कसला करतोस? आत आईपाशी बसलायस ना तू?"

त्यानं वाडगा तसाच टाकला.

बोहिकोंपर्यंत मोटारसायकल, तिथून भरगच्च टॅक्सी. वाटेत तो सारखा प्रार्थना करू बघत होता, आणि शब्द अर्ध्यात सुटत होते. शेवटी त्यानं देवाकडे एवढंच मागितलं की मला पोचू दे. कोतोनूत शिरला तेव्हा दिवे लागत होते.

दारात चपलांचा ढीग. बायका हलक्या आवाजात गात होत्या.

मार्सेलीन काकूंनी त्याला कवटाळलं. "कुठे गेला होतास मधेच? गेली रे ती. पण किती केलंस तू तिचं! सकाळपासून हललास नाहीस. पाय चेपलेस, केस विंचरलेस. असं सुखात गेलेलं माणूस मी पाहिलं नाही."

"काय म्हणाली ती?"

"तू होतास की तिथे!"

"काकू, काय म्हणाली?"

काकूंनी त्याचा चेहरा नीट पाहिला. त्यांचे हात त्याच्या खांद्यांवरून हळूच खाली आले.

"तू आलास तेव्हा म्हणाली, आलास का बाळा, किती वाळलास. शेवटी आम्हाला सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. दार लावून घेतलं."

गिल्दास भिंतीला टेकला. आई गेली म्हणून त्याला रडू आलं. पण त्या रडण्याच्या तळाशी मत्सर होता, आणि ते त्याला स्वच्छ कळत होतं. जन्मभर ती त्याची एकट्याची होती. आणि शेवटच्या दिवशी, दार लावून घेऊन, ती दुसऱ्याची झाली होती.

तो आत गेला.

आईला न्हाऊ घालून पलंगावर ठेवलं होतं. छातीपर्यंत पांढरं कापड. चेहरा तरुण दिसत होता. डावा हात कोपरात वाकलेला, अंगाशी धरलेला. न्हाऊ घालणाऱ्या बायकांनी तो सरळ करून पाहिला होता, पण तो पुन्हा तसाच होत होता.

"कापड दोनदा बदललं," मार्सेलीन काकू मागून पुटपुटल्या. त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. "पाणी नाही रे ते. आम्ही चांगलं पुसलं होतं."

गिल्दास वाकला. आईच्या डाव्या छातीवर, पांढऱ्या कापडावर, वाटीएवढा ओला डाग पसरत होता. त्याला ताज्या दुधाचा वास येत होता.