बेंजोवाल्याचं शेवटचं वाक्य

लग्नाच्या मांडवात, टळटळीत दुपारी, जेवणाची पंगत उठत असताना अश्लेषाच्या खांद्यावर एक अनोळखी डोकं येऊन टेकलं.

खरं तर तिनं दचकायला हवं होतं. पण ती स्वतःच प्लास्टिकच्या खुर्चीत पेंगत होती, आणि दचकायलाही अंगात थोडी ताकद लागते. तिनं मान वळवून पाहिलं. चमकीचं लाल जाकीट, केसांत अडकलेल्या अक्षता, ओठ किंचित उघडे... बेंजो पार्टीतला मुख्य वाजवणारा होता तो. काल हळदीपासून गळ्यात बेंजो अडकवून, डोळे मिटून, गाण्यामागून गाणी वाजवत होता. सुट्टी मिळाली तशी समोर दिसली ती खुर्ची गाठून आडवा झाला होता, म्हणजे जेवढं आडवं होता येतं तेवढा.

उठवावं का? तिला वाटलं, राहू दे. गेल्या कित्येक महिन्यांत तिच्यावर कुणी असं विश्वासानं काही टेकवलं नव्हतं. लोक टाकायचे ती कामं.

थोड्या वेळानं तो खडबडून उठला. "सॉरी हां मॅडम. मी झोपलो नव्हतो."

"नाही?"

"नाय. डोळे मिटलेले फक्त."

"तुम्ही घोरत होता."

त्यानं केसांतल्या अक्षता झटकल्या. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "सूर लावत व्हतो."

अश्लेषाला हसू आलं. इतक्या दिवसांनी आलं की गालांनाही जरा जडच गेलं.

लग्न होतं रचनाचं, तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं. वसईच्या पूर्वेला, कामणच्या पुढे खाडीकाठी रचनाचं गाव, आणि हा बेंजोवाला सुरज तिचा चुलत भाऊ. पावसात भातशेती, थंडीत भाजी, लग्नसराईत बेंजो. वर्षभर कुठल्या ना कुठल्या कारणानं दमलेला माणूस.

अश्लेषाचं दमणं वेगळ्या जातीचं होतं. वसईहून अंधेरी, अंधेरीहून वसई, मधल्या वेळात दुसऱ्यांचे हिशेब. एव्हरशाईन सिटीतल्या घरी आईचे गुडघे, न येणारा पाण्याचा टँकर आणि न चुकता जाणारी वीज. झोपेनं जाईल अशी ही दमणूक नव्हती. म्हणून ती ब्लॉग लिहायची. नाव ठेवलं होतं 'थकून भागून'. सोसायटीतल्या मीटिंगा, रेडिओवर भलत्या वेळी लागलेलं एखादं गाणं, पेपरातली एखादी बातमी, असं काय काय त्यात असायचं. शनिवारी दुपारी घरची वीज गेली की ती खालच्या रमेशच्या सायबर कॅफेत जायची, कारण रमेशकडे इन्व्हर्टर होता. वाचणारे मोजकेच, पण होते. सोसायटीतले चारदोन, ऑफिसातले काही, आणि पुण्यातल्या एक काकू, ज्या प्रत्येक लेखाखाली 'छान' एवढंच लिहीत.

त्या शनिवारी तिनं खांद्यावर झोपलेल्या बेंजोवाल्यावर लिहिलं. आणि पुढच्या शनिवारी बेंजोवाला स्वतः कॅफेच्या दारात उभा राहिला.

"रचनानं सांगितलं इथं असता म्हनून. तुम्ही लिवलंय मी घोरलो. मला त्याला उत्तर द्यायचंय."

"द्या ना." तिनं बाजूची खुर्ची ओढली. "इथे खाली कमेंट लिहायची."

सुरजनं कीबोर्डकडे पाहिलं. बेंजोच्या कळांवर तासन्‌तास धावणारी त्याची बोटं तिथे मात्र घुटमळली. "आमच्या बेंजोलाही कळा असतात, पन त्या असले नखरे नाय करत. मी सांगतो, तुम्ही लिवा."

"म्हणजे माझ्याविरुद्ध मीच लिहू?"

"मग? तुमचीच चूक हाय."

त्यानं डोळे मिटले, बेंजो वाजवताना मिटायचा तसेच, आणि सांगू लागला. की रात्रभर वाजवणाऱ्या माणसाचे कान जागे असतात, नुसते डोळे झोपतात. की मांडवात नवरीकडचे जेवले, नवऱ्याकडचे जेवले, पण वाजवणाऱ्यांना कुणी पानावर बसा म्हटलं नाही, यावर बाईंनी एक ओळ लिहायला हवी होती. अश्लेषा टाईप करत होती आणि मनात म्हणत होती, खरंच की.

"आनि शेवटी लिवा," सुरज म्हणाला, "बाकी खांदा चांगला व्हता."

अश्लेषाची बोटं थांबली. तिनं त्याच्याकडे पाहिलं. डोळे मिटलेलेच, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं.

"लिवलं?"

"लिहिलं," ती म्हणाली. लिहिलं नव्हतं. ते वाक्य गाळून, खाली 'धन्यवाद' टाकून तिनं कमेंट पाठवून दिली होती. सोसायटीचे सेक्रेटरी ब्लॉग वाचायचे. ऑफिसातले वाचायचे. खांद्याबद्दल काय वाचायचं त्यांनी?

मग सुरज दर शनिवारी येऊ लागला. लग्नाची तारीख नसली की भाजी उतरवून, हातपाय धुऊन, कधी वर्तमानपत्रात वालाच्या शेंगा बांधून घेऊन यायचा. "तुमच्या आईंना द्या. तुम्हाला सोलायला नाय जमनार." अश्लेषा काय लिहिलंय ते वाचून दाखवायची, तो ऐकायचा आणि उत्तर सांगायचा. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत मुलं रडतात, यावर तिनं लिहिलं, तर तो म्हणाला, "रडून झाल्यावर गातात तेवा बरी गातात. दमल्यावर माणूस खोटं नाय गात." हळदीत आता बेंजोऐवजी डीजे येतो, यावर लिहिलं, तर म्हणाला, "डीजेला भूक नाय लागत, झोप नाय लागत. आम्हाला लागते, हाच आमचा गुन्हा."

त्याच्या कमेंटवर लोक भांडू लागले, त्याची वाट पाहू लागले. पुण्याच्या काकूंनी तर एकदा 'छान'च्या पुढे 'बेंजोवाले कुठे आहेत?' असंही लिहिलं. घरी आई भाजी निवडत बसली की अश्लेषा तिला लेख वाचून दाखवी, आणि आई म्हणे, "तुझं झालं ना? आता त्याचं वाच."

पण शेवटचं वाक्य कुणाच्याच वाट्याला येत नव्हतं. ते सुरज सांगायचा आणि अश्लेषा गिळून टाकायची.

'लिवा, मॅडम आज जेवून नाय आल्यात.'

'लिवा, शनिवार लांब पडतो.'

'लिवा, निळा रंग बरा दिसतो.'

प्रत्येक वेळी तिच्या कानांच्या पाळ्या गरम व्हायच्या. प्रत्येक वेळी ती 'धन्यवाद' लिहायची. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर, अंग अंग ठणकत असताना, तेवढंच एक वाक्य तिला पुरायचं. तिला तो आवडत होता, याबद्दल तिच्या मनात काडीचीही शंका नव्हती. शंका होती ती बाकी सगळ्यांची. शेतावरचा बेंजोवाला, आणि फ्लॅटमधली अकाउंटंट... लोक काय म्हणतील, हे तिला तोंडपाठ होतं.

त्याच दिवसांत महापालिका होऊ घातली होती. गावं तिच्या हद्दीत घ्यायची की नाही यावर वसईत रान उठलं होतं. अश्लेषानं त्यावर लिहिलं, आणि मनापासून लिहिलं. आम्ही फ्लॅटवाले काल आलो, गावं आधीपासून आहेत, निदान गावाचं ऐकून तरी घ्या. लेख गाजला. कुणीतरी त्याच्या प्रती काढून वाटल्या म्हणे.

सुरजनं तो लेख डोळे उघडे ठेवून ऐकला. मग डोळे मिटून म्हणाला, "लिवा. आवडला. गावात प्रत आलेली, ती वाचून दाखवली, म्हाताऱ्यांनाबी लेख आवडला. आनि शेवटी लिवा..." कॅफेतला पंखा कुरकुरत होता. "लिवा की, मी इथं भांडायला नाय येत. ह्यांच्या शेजारी बसायला येतो."

अश्लेषानं हात मांडीवर घेतले. परत कीबोर्डवर ठेवले.

"लिवलं?"

"हो..." ती म्हणाली.

तिनं लिहिलं होतं, 'धन्यवाद'.

घोळ उघड केला रचनानं. चंदनसारला सासरी नवीन कॉम्प्युटर आला होता. तिनं एका बैठकीत सगळे लेख, सगळ्या कमेंटी वाचून काढल्या आणि सुरजला फोन लावला. "दादा, काय रे हे? पोटातलं सगलं बोलतोस नि शेवटाला धन्यवाद? सरकारी हापिसात अर्ज केलास काय?"

पुढच्या शनिवारी सुरज आला, पण बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"माझं शेवटचं वाक्य कुटं जातं?"

अश्लेषानं कीबोर्ड जरा पुढे ढकलला. "लोक वाचतात हो, सुरज... सोसायटीतले, ऑफिसातले..."

"लोक वाचतात म्हनून तर सांगत व्हतो. तुम्हाला एकटीला सांगायचं तर मला कॉम्प्युटर कशाला पायजे?" त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "मला वाटायचं, लिवतात म्हंजे मॅडमनाबी चालतंय. गावभर छाती काढून फिरलो ना मी. गावाचं ऐकून घ्या, लिवलंत तुम्ही. माझं ऐकून घेतलंत, मॅडम. ठेवलं नाय."

तो गेला. रमेश काउंटरवरून उगाचच पावतीपुस्तक चाळत राहिला.

मग नुसते शनिवार आले आणि गेले. अश्लेषा कॅफेत बसे, पान उघडे, बंद करी. कशावर लिहायचं? टँकर आला नाही, वीज गेली, गाणं लागलं. सगळं होतं तसंच होतं, फक्त कुणी त्यावर भांडत नव्हतं. पूर्वीचा थकवा निदान काम करून आलेला असे. हा नुसता बसून आलेला होता, आणि तिला कळत होतं की हा आपण आपल्या हातानं आणला आहे.

"तुझा तो बेंजोवाला आजारी आहे का गं?" एकदा आईनं विचारलं.

अश्लेषानं सांगून टाकलं. गाळलेलं एकेक वाक्य सांगितलं. आईनं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"मी आपली वाट बघत होते, घरी कधी आणतेस म्हणून," ती म्हणाली. "शेंगा काय माणूस उगाच पाठवतो? आणि लोकांचं म्हणशील तर... माझे गुडघे दुखतात तेव्हा लोक येतात का शेकायला?" मग तिनं जुडी पुन्हा उचलली. "जायचं तर उजेड आहे तोवर जा. परत येताना रिक्षा मिळत नाही तिकडे."

रिक्षा गावाच्या देवळापाशी थांबली तेव्हा ऊन उतरलं होतं. देवळापुढच्या मांडवात पार्टीचा सराव चालू होता. दोन दिवसांनी एका हळदीत वाजवायचं होतं. ढोलवाले घाम पुसत बसले होते, कीबोर्डवाला वायरी जोडत होता, आणि सुरज मांडी घालून बेंजोच्या तारा लावत होता. त्यानं तिला येताना पाहिलं. पाहिलं आणि मान पुन्हा तारांत घातली.

मांडवाच्या कडेला म्हातारी माणसं बसली होती, पोरंटोरं होती, निम्मं गाव होतं म्हटलं तरी चालेल. त्यांतून एक बाई उठून पुढे आली. सुरजचेच डोळे, सुरजचंच कपाळ. ही धोंडूबाई, त्याची आई.

"कोन गो तू? कोनाकडं आलीस?"

उत्तर अश्लेषाच्या जिभेवर तयार होतं. रचनाची मैत्रीण. खरं होतं, सोपं होतं, कुणाला काही वाटलं नसतं. रिक्षात तिनं तेच घोकलं होतं. आणि तोंड उघडता उघडता तिला कळलं की हे पुन्हा तेच... पुन्हा आपण गाळतोय.

"मी सुरजसाठी आले," ती म्हणाली.

एक ढोलवाला खोकला. धोंडूबाईनं कपाळाला आठी घातली. "सुरजसाठी म्हंजे?"

"आये," सुरज मान वर न करता म्हणाला, "मोठ्यानं इचार. मागच्यांना ऐकाया येत नाय."

अश्लेषानं त्याच्याकडे रागानं पाहिलं. तो तार पिळत होता. ओठांचा कोपरा मात्र हलत होता. पाय दुखत होते. दिवसभराचं ऊन डोक्यात होतं. लाजायलाही ताकद लागते, आणि ती आता उरली नव्हती.

"माझं तुमच्या मुलावर प्रेम आहे," ती मागच्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली. "त्यानं चारचौघांत सांगायला सांगितलं होतं ते मी लपवलं. मला लोकांची लाज वाटली. आता नाही वाटत. आता तो मला नको म्हणाला तरी चालेल, पण मी सांगितलं नाही असं नको."

सुरजनं बेंजो मांडीवरून उतरवून बाजूला ठेवला आणि उठून तिच्याजवळ येऊन उभा राहिला, सगळ्यांसमोर, डोळे पूर्ण उघडे ठेवून.

"नको कोन म्हनेल?" तो हळूच म्हणाला. हे मात्र मागच्यांना ऐकू गेलं नाही.

धोंडूबाईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग चटईवर बसलेल्या पोरांना हातानं सारून तिनं जागा केली.

"बस गो बाय," ती म्हणाली. "किती दमलीस."