खिडकीतला हात

"तुमची नजर कशी आहे?"

मनोऱ्याच्या एकशेचाळीस पायऱ्या चढून ती धापा टाकत वर पोचली, तेव्हा एका अनोळखी तरुणानं तिला विचारलेला हा पहिलाच प्रश्न. सहलीच्या बसनं ती हे जुनं शहर बघायला आली होती. राष्ट्रीय दिनाला मनोरा सगळ्यांसाठी उघडतात, म्हणून चढली. सोबतचे सगळे निम्म्यातूनच माघारी गेले होते.

"चांगली आहे," ती म्हणाली. "माणसं ओळखता येतात."

तो हसला नाही. घामाघूम झाला होता. बरोबर बारा वाजता खाली चौकात झेंडा चढायचा आणि त्याच क्षणी घंटेचा पहिला टोला पडायचा. पण दोर ओढणाऱ्याला चौक दिसत नाही; खिडकीत दुसरं कुणीतरी लागतं. ते काम त्याच्या ताईचं, आणि रस्ते बंद झाल्यामुळे ताई गर्दीत अडकली होती. एकोणतीस वर्षं बाबांनी घंटा वाजवली, एकदाही चुकले नाहीत. यंदा गुडघ्यांनी दगा दिला. ते खाली पहिल्या रांगेत बसले होते आणि दोर पहिल्यांदाच त्याच्या हातात आला होता.

"चुकलो तर बाबा बोलणार नाहीत," तो म्हणाला. "नुसते वर बघतील... ते जास्त वाईट."

तिची बस साडेबाराची. ती खिडकीत जाऊन उभी राहिली. झेंडा चढवायची खूण म्हणून बँडच्या म्होरक्याचा पांढऱ्या हातमोज्यातला हात वर गेला, की तिनं आपला हात खाली टाकायचा — इतकंच.

पण पांढरे हातमोजे सगळ्याच बँडवाल्यांनी घातले होते! कुणीतरी टोपी सावरायला हात उचलला. तिचा हात जरासा खाली आला. मागे दोर करकरला.

"नाही... अजून नाही."

बँड थांबला. चौक गप्प झाला. तो तिच्याच मनगटाकडे टक लावून बघतोय, हे तिला न वळताच जाणवत होतं. कुणाची कोण ती — आणि त्या घराची एकोणतीस वर्षं तिच्या मनगटावर येऊन बसली होती.

म्होरक्याचा हात वर गेला. तिनं हात टाकला.

पायाखालची फरशी हादरली. तिनं वळून पाहिलं. तो सगळं अंग टाकून दोर ओढत होता, आणि दर टोल्याला त्याचे ओठ हलत होते. बाराव्या टोल्यानंतर तिनं खाली वाकून पाहिलं. पहिल्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ चष्मा पुसत होते. वर बघतच नव्हते.

"मघाशी काहीतरी म्हणत होतात."

"टोले मोजत होतो."

"मोजताना कान लाल होतात?"

तो दोराची गाठ बांधत राहिला. मग पाठमोराच म्हणाला, "घंटेच्या आवाजात बोलायला सोपं जातं... म्हटलं, थांबाल का?"

खाली बसचा हॉर्न वाजला.

"बस थांबायची नाही," ती म्हणाली. त्याची बोटं गाठीवरच थबकली. "पुढच्या वर्षी खिडकीत कोण?"

"ताई."

"त्यांना सांगा, यापुढे खालूनच बघा म्हणावं."

ती उतरू लागली. पहिल्या वळणावरून तिचा आवाज वर आला.

"आणि वर्षभर वाट बघायलाच हवी, असंही काही नाही."